‘ॲप चालत नाही’ म्हणजे नेमके काय चालत नाही?

पिशोर हे कन्नड तालुक्यातले बाजाराचे गाव. आजूबाजूला मका, कापूस आणि अद्रकीची शेती. खरिपाची पिके उभी राहिली की त्यांची नोंद सातबाऱ्यावर लागावी लागते, आणि ही नोंद आता शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, मोबाइलवर करायची असते. राज्यभरात 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे ॲप त्यासाठी आहे. महसूल आणि कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने हा उपक्रम आणला. त्याआधी तलाठी गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद घेत. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडून हे ॲप बदलले. 2025च्या हंगामात त्यात ‘कपास किसान’ या आणखी एका ॲपची भर पडली, कारण हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने त्यावर नोंदणी करायला सांगितली. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये होता. म्हणजे ॲप उघडले की नाही, याला थेट पैशांची किंमत आली.

अशा ॲपबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य एकच असते : ॲप चालत नाही. गंमत अशी की एकाच गावात, एकाच दिवशी, तेच ॲप एका फोनवर दोन मिनिटांत काम उरकते. दुसऱ्या फोनवर ते लोकेशन शोधत बसते, तिसऱ्यावर ओटीपी येत नाही आणि चौथ्यावर तर इन्स्टॉलच होत नाही. चारही जण म्हणतात तेच, पण चौघांची अडचण वेगळी असते. ती कुठे आहे हे ओळखायचे तर ॲप म्हणजे काय आणि ते राहते कुठे, हे आधी पाहावे लागते.

एक ॲप, तीन ठिकाणे

पडद्यावरचे चौकोनी चिन्ह म्हणजे पूर्ण ॲप नव्हे. त्याचा एक भाग स्टोअरवर असतो, जिथून ते उतरवले जाते. दुसरा भाग फोनमध्ये असतो : रकाने, बटणे, कॅमेरा उघडण्याच्या सूचना. तिसरा भाग सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी अहोरात्र चालू ठेवलेल्या संगणकांवर असतो. खातेदाराचे नाव, गट नंबर, क्षेत्र ही माहिती तिथे असते आणि शेतातून काढलेला फोटोही शेवटी तिथेच पोहोचायचा असतो.

हिशेबाचे साधे कॅल्क्युलेटर फक्त फोनमध्ये असले तरी भागते. ई-पीक पाहणीसारख्या ॲपचे तसे नाही. गावाचे नाव निवडून खातेदार शोधायचा म्हटले की फोन सर्व्हरला विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. मधे मोबाइल कंपनीचे जाळे असते. त्यामुळे बिघाडाला जागा चार : स्टोअर, फोन, रेंज आणि सर्व्हर. ॲप बनवणाऱ्यांनी पडद्यावर यातले नेमके काय अडले ते सांगायला हवे. पण बऱ्याच ॲपमध्ये ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच संदेश येतो, आणि मग सर्व्हर बंद असतानाही माणूस आपलाच फोन बंद-चालू करत बसतो.

डाऊनलोड होताना काय होते

अँड्रॉइड फोनसाठीचे स्टोअर ऑक्टोबर 2008 मध्ये ‘अँड्रॉइड मार्केट’ या नावाने सुरू झाले आणि मार्च 2012 मध्ये त्याचे ‘गूगल प्ले’ झाले. ॲपलचे स्टोअर त्याआधी, जुलै 2008 मध्ये आले. सुरुवातीला तिथे पाचशेच्या आसपास ॲप होती.

प्लेवरून ‘इन्स्टॉल’ दाबले की फोन आधी स्वतःची ओळख सांगतो : अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, प्रोसेसर कोणत्या जातीचा, पडदा किती मोठा, भाषा कोणती. पूर्वी सगळ्या फोनसाठी एकच जाडजूड फाइल येत असे. ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲपसाठी पद्धत बदलली. बनवणारा सगळे सुटे भाग स्टोअरकडे देतो आणि स्टोअर प्रत्येक फोनला लागतील तेवढेच भाग जोडून पाठवते. म्हणून एकच ॲप एकाच्या फोनवर कमी एमबीचे दिसते आणि दुसऱ्याच्या जास्त. दोघांचे ॲप खरे असते.

‘हे ॲप तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही’ असा संदेश येतो तोही याच टप्प्यावर. प्रत्येक ॲपने आपल्याला किमान कोणती अँड्रॉइड आवृत्ती लागते ते जाहीर केलेले असते. फोन त्याहून जुना असेल तर स्टोअर फाइल देतच नाही. 2025च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने अँड्रॉइड 4.4 वर चालणारे फोन सोडून दिले, तो हाच प्रकार. अशा वेळी नेट बदलून, सिम बदलून काहीही होत नाही.

फाइल उतरल्यावर ती उलगडली जाते, त्यामुळे 20 एमबीचे डाऊनलोड फोनमध्ये त्याहून जास्त जागा घेते. ‘मेमरी फुल्ल’ असलेल्या फोनवर डाऊनलोड पूर्ण होऊनही इन्स्टॉल अडकते ते यामुळे. नवे ॲप पहिल्या दिवशी जरा जड वाटते आणि काही दिवसांनी हलके, हाही भास नसतो. ॲपचे कोणते भाग वारंवार वापरले जातात याची अँड्रॉइड नोंद ठेवते आणि फोन निवांत चार्जिंगला लावलेला असताना ते भाग लवकर चालतील अशा रूपात बदलून ठेवते. रात्रभर चार्जिंगला असलेला फोन सकाळी थोडा चपळ झालेला असतो.

सील आणि टॅग

बियाण्याची पिशवी घेताना जाणता शेतकरी सील पाहतो, टॅग पाहतो, लॉट नंबर पाहतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. पिशवी उसवून पुन्हा शिवली असेल तर ते शिलाईवरून कळते. ॲपच्या फाइलवरही असे सील असते. त्याला डिजिटल स्वाक्षरी म्हणतात.

बनवणाऱ्याकडे दोन डिजिटल किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, ती तो कुणाला देत नाही. दुसरी उघड, ती फाइलबरोबर येते. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून एक छोटी संख्या काढली जाते आणि ती गुप्त किल्लीने बंद केली जाते. फोन उघड किल्लीने ती उघडतो, फाइलवर तीच प्रक्रिया स्वतः करतो आणि दोन्ही संख्या जुळतात का ते पाहतो. वाटेत कुणी फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी संख्या बदलते आणि फोन इन्स्टॉल नाकारतो.

नवीन आवृत्ती येते तेव्हाही हीच तपासणी होते. जुन्या ॲपवर ज्याची स्वाक्षरी होती त्याचीच नव्यावर हवी. म्हणून एखाद्या बँकेच्या खऱ्या ॲपवर भलत्याच कुणाची ‘अपडेट’ बसू शकत नाही.

मात्र या सीलाची मर्यादा लोकांना सहसा सांगितली जात नाही. स्वाक्षरी सांगते ते एवढेच की पिशवी वाटेत उघडलेली नाही आणि ती त्याच शिवणाऱ्याकडून आली आहे. शिवणारा माणूस बरा की वाईट, हे ती सांगत नाही. भामट्यालाही स्वतःच्या किल्ल्यांची जोडी बनवता येते, आणि त्याचे बनावट ॲपसुद्धा रीतसर सीलबंद असते. शिवणारा कोण हे पाहायला दुकानदार लागतो, आणि स्टोअरचे खरे काम ते आहे. तेही शंभर टक्के चोख नसते. म्हणून ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले प्रकाशकाचे नाव वाचण्याची सवय असावी. सरकारी ॲप असेल तर संबंधित विभागाच्या संकेतस्थळावरून स्टोअरमध्ये गेलेले बरे, कारण शोधपेटीत नाव टाकले की त्याच नावाशी मिळतीजुळती चार ॲप समोर येतात.

परवानगी कशाची मागते आणि का

इन्स्टॉल झालेल्या प्रत्येक ॲपला अँड्रॉइड एक वेगळा क्रमांक देते आणि त्याच्या फाइली इतरांपासून वेगळ्या ठेवते. एका ॲपला दुसऱ्या ॲपची कागदपत्रे परस्पर पाहता येत नाहीत. फोनमधल्या सामायिक गोष्टी, म्हणजे कॅमेरा, माइक, लोकेशन, संपर्क यादी, एसएमएस, वापरायच्या तर परवानगी लागते.

2015 मध्ये अँड्रॉइड 6 येईपर्यंत ही सगळी परवानगी इन्स्टॉल करतानाच एकगठ्ठा द्यावी लागे : सगळे मान्य, नाहीतर ॲप नाही. त्यानंतर ॲपने गरज पडेल तेव्हा विचारायचे, असे ठरले. 2020 च्या अँड्रॉइड 11 मध्ये ‘फक्त या वेळी’ हा पर्याय आला आणि बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोयही आली. गेल्या खरिपात वापरलेले ॲप या खरिपात पुन्हा तेच प्रश्न विचारते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. फोन बिघडलेला नसतो.

परवानगी द्यावी की नाही याची कसोटी सोपी आहे : ॲपच्या कामाला ती गोष्ट लागते का? पिकाचा फोटो काढायचा तर कॅमेरा लागणारच, तो कुठे काढला हे कळायला लोकेशन लागणारच. टॉर्चच्या ॲपला संपर्क यादी कशाला हवी, याचे मात्र समाधानकारक उत्तर नसते. घाईत प्रत्येक चौकटीवर ‘अनुमती द्या’ दाबणारे जसे असतात तसे घाबरून सगळीकडे ‘नाही’ दाबणारेही असतात, आणि या दुसऱ्यांचेच ॲप जास्त वेळा ‘चालत नाही’. दोनदा नकार दिला की अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत ॲपला पुन्हा विचारताही येत नाही. मग सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपच्या नावावर परवानगी हाताने चालू करावी लागते.

लोकेशन का सापडत नाही

पीक पाहणीत सगळ्यात जास्त माणसे अडतात ती इथे. नोंद ज्या गटाची, फोटो त्याच गटात किंवा त्याच्या ठरावीक अंतराच्या आत काढलेला असावा, हे ॲप तपासते. घरी ओट्यावर बसून नोंद करता येऊ नये यासाठीच ती अट आहे. ती पाळायची तर फोनला आपण कुठे आहोत ते कळायला हवे.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच सांगत असतो : मी अमुक, आता इतके वाजलेत, मी इथे आहे. फोन हे फक्त ऐकतो. उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. संदेश निघाला ती वेळ आणि पोहोचला ती वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरायला हवी, पण फोनमधले घड्याळ तेवढे अचूक नसते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. घड्याळाची ही चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. म्हणून किमान चार उपग्रह ‘दिसले’ पाहिजेत.

पत्र्याच्या शेडखाली, दाट झाडाखाली किंवा उंच भिंतीला चिकटून उभे राहिल्यावर हे जमत नाही. उघड्या रानात साध्या फोनलाही पाचेक मीटरपर्यंतची अचूकता मिळते.

दुसरी मेख वेळेची आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार सावकाश पाठवतो, सेकंदाला अवघे 50 बिट. ती पूर्ण मिळायला चांगले आभाळ दिसत असतानाही अर्धे मिनिट जाते. नेट चालू असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन उतरवून घेतो, त्यामुळे गावात लोकेशन लगेच सापडते. शिवारात रेंज नसेल तर मात्र ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. जीपीएसला नेट लागत नाही हे खरे, पण नेट नसेल तर धीर लागतो. लोकेशन चालू करून मोकळ्यावर एक-दोन मिनिटे थांबायचे आणि मग ॲप उघडायचे, एवढ्याने बऱ्याच जणांचे काम होते.

तिसरी गोष्ट अजून फार जणांच्या लक्षात आलेली नाही. 2021 मधल्या अँड्रॉइड 12 पासून लोकेशनची परवानगी देताना दोन चित्रे दिसतात : ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’. अंदाजे निवडले तर ॲपला सुमारे 3 चौरस किलोमीटरच्या आतला ढोबळ ठावठिकाणा मिळतो. 3 चौरस किलोमीटर म्हणजे सातशेहून जास्त एकर. दोन एकरांच्या गटात उभ्या असलेल्या माणसाला ॲप ‘तुम्ही गटापासून दूर आहात’ म्हणते ते या एका निवडीमुळेही असू शकते. हवामानाच्या ॲपला अंदाजे पुरते. पीक पाहणीला अचूकच लागते.

> चौकट : अडले कुठे, हे कसे ओळखावे
>
> स्टोअरमध्येच ‘उपलब्ध नाही’ दिसले तर अँड्रॉइड जुने आहे. इन्स्टॉल अर्ध्यावर थांबले तर आधी मोकळी जागा पाहावी.
>
> त्याच फोनवर इतर संकेतस्थळे उघडतात, पण हे एकच ॲप फिरत राहते, आणि शेजारच्याच्या फोनवरही तसेच होते : अडचण सर्व्हरची. फोनशी खटाटोप करण्यात अर्थ नाही.
>
> काहीच उघडत नाही : रेंज किंवा डेटा पॅक.
>
> फक्त फोटो किंवा नकाशापाशी अडते : परवानगी किंवा लोकेशन.
>
> ‘कॅशे साफ करा’ने तात्पुरत्या फाइली जातात, नुकसान होत नाही. ‘डेटा साफ करा’ने मात्र ॲपमध्ये भरलेली पण अजून अपलोड न झालेली नोंद पुसली जाते.

रेंज पूर्ण, तरी फोटो जात नाही

कन्नड तालुक्यातून अजिंठ्याच्या डोंगररांगा जातात आणि खोलगट शिवारात रेंज येते-जाते, हे तिथल्या माणसाला सांगायची गरज नाही. कोड्यात टाकते ती वेगळी गोष्ट : रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, व्हिडिओसुद्धा चालतो, पण फोटो अपलोड होत नाही.

दांड्या दाखवतात ते टॉवरचे बोलणे फोनला किती स्पष्ट ऐकू येते हे. अपलोडमध्ये फोनचे बोलणे टॉवरला ऐकू जावे लागते. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, तर फोनची ताकद साधारण वॅटचा पाचवा भाग. टॉवर लांब असला की एकाचे ऐकू येते आणि दुसऱ्याचे क्षीण पडते. त्यात मोबाइलच्या जाळ्यांत उतरवण्यासाठी ठेवलेला वाव चढवण्यापेक्षा सहसा जास्त असतो, कारण लोक पाठवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पाहतात. पीक पाहणीचे काम नेमके उलट्या बाजूचे आहे. शेतात नोंद करून फोनमध्ये साठवायची सोय ज्या ॲपमध्ये असते तिथे ती वापरावी आणि गावात आल्यावर अपलोड करावे. फक्त अपलोड झाल्याची खात्री होईपर्यंत ॲप काढून टाकू नये.

सर्व्हर आणि शेवटचा दिवस

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 53 लाख वहितीची खाती आहेत. समजा यातल्या फक्त एक लाख जणांनी एका तासात प्रत्येकी 300 केबीचा एक फोटो पाठवला, तर सर्व्हरला त्या तासात 30 जीबी माहिती घेऊन, तपासून, जागेवर ठेवावी लागते. हे जमण्यासारखे असते. प्रश्न एकूण आकड्याचा नसून ते सगळे एकाच वेळी येण्याचा असतो.

सर्व्हर एका वेळी ठरावीक विनंत्यांवर काम करतो. उरलेल्या रांगेत थांबतात. फोन थोडा वेळ वाट पाहतो आणि उत्तर आले नाही की ‘संपर्क होऊ शकला नाही’ असे सांगून मोकळा होतो. माणूस पुन्हा बटण दाबतो. पहिली विनंती अजून रांगेत असतानाच दुसरी तिच्या मागे उभी राहते. हजारो लोकांनी असे तीन-चारदा दाबले की रांग माणसांच्या संख्येच्या कितीतरी पट लांबते, आणि सर्व्हर अशांना उत्तरे देत बसतो ज्यांचे फोन केव्हाच वाट पाहणे सोडून गेले आहेत. गर्दी स्वतःच स्वतःला वाढवते. जुलै 2024 मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ ॲपवर भरताना राज्यभर हाच अनुभव आला. शेवटच्या तारखेची वाट न पाहणे आणि पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणे हा लोकांनी अनुभवाने शोधलेला उपाय तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. पण याचा सगळा भार शेतकऱ्यावर टाकणे योग्य नाही. मुदत जिल्हानिहाय वेगळी ठेवता येते, आणि रांगेत कितवा नंबर आहे हे पडद्यावर दाखवताही येते. मुदतवाढ देऊन प्रश्न फक्त पुढच्या शेवटच्या दिवसावर जातो.

ओटीपीचे वेगळे. तो सर्व्हरवर तयार होतो, पण एसएमएस पोहोचवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणांमधून फोनवर येतो. उशीर झाला म्हणून ‘पुन्हा पाठवा’ दाबले की बहुतेक ठिकाणी आधीचा बाद होतो. मग पहिला येतो, तो टाकला की ‘चुकीचा ओटीपी’. आणि जिथे आधारने पडताळणी असते तिथे ओटीपी हातातल्या फोनवर येत नाही, आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर कधीच बंद पडलेला असेल, तर दहादा दाबूनही काही येणार नाही. तिथे आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणे हाच मार्ग.

शेजाऱ्याकडे नवे बटण, आपल्याकडे नाही

एका वेळी सगळ्यांना नवी आवृत्ती दिली आणि तिच्यात दोष निघाला, तर सगळ्यांचेच काम थांबते. म्हणून बनवणारे ती आधी थोड्या टक्के फोनना देतात, काही बिघडत नाही असे दिसले की टक्का वाढवतात. कोणाचा नंबर आधी लागेल हे नशिबावर असते. कधीकधी तर आवृत्ती तीच असते आणि नवे बटण सर्व्हरवरून काही जणांसाठी चालू केलेले असते.

खेड्यात आणखी एक कारण असते. बहुतेक फोनमध्ये ॲप आपोआप अपडेट होण्याची अट ‘फक्त वायफायवर’ अशी ठेवलेली असते. शहरातल्या माणसाच्या घरी वायफाय असते. त्याच्या नकळत ॲप अद्ययावत होत राहतात. ज्याचा फोन वर्षानुवर्षे सिमच्या डेटावरच चालतो त्याची ॲप जुनीच राहतात, आणि एके दिवशी सर्व्हर जुन्या आवृत्तीशी बोलणे बंद करतो. हंगामाच्या आधी स्टोअर उघडून ते एक ॲप हाताने अपडेट करावे. त्याला फार डेटा लागत नाही, कारण बहुधा पूर्ण ॲप पुन्हा न येता फक्त बदललेला भाग येतो.

तारे आणि आकडे

स्टोअरवरचे तारे पाहून ॲप घेणारे पुष्कळ. गूगल प्लेने ऑगस्ट 2019 पासून सरासरी काढताना अलीकडच्या मतांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली आणि 2021 च्या अखेरीपासून ज्या त्या देशातल्या वापरणाऱ्यांचीच सरासरी दाखवायला घेतली. दोन्ही बदल चांगले. तरी तारे देणारा माणूस साधारणपणे खूप खूश असतो किंवा खूप चिडलेला. मधला गप्प राहतो. व्यावसायिक ॲप तर काम यशस्वी झाल्या झाल्या, माणूस खुशीत असतानाच, तारे मागतात. सरकारी ॲपला एक तारा मिळतो तो बहुतेक वेळा सर्व्हर बंद असलेल्या दिवशी. ‘10 लाख+’ हा आकडाही किती जणांनी कधीतरी उतरवले ते सांगतो. आज किती जण वापरतात ते नव्हे. ताऱ्यांपेक्षा गेल्या महिन्यातली दहा-बारा मते वाचलेली जास्त उपयोगी पडतात.

व्हॉट्सॲपवर आलेली फाइल

अँड्रॉइडवर स्टोअरबाहेरूनही ॲप घालता येते. अशी फाइल एपीके या शेवटाची असते. ही मोकळीक मुळात चांगली आहे; पण पीएम-किसानचा हप्ता, वाहनाचा दंड, लग्नपत्रिका अशी नावे देऊन व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइलींनी तिचा पुरेपूर गैरफायदा घेतला आहे. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. ती कधीही एपीके नसते.

अशी फाइल उघडली की ती बहुतेक वेळा दोन गोष्टी मागते. एक, एसएमएस वाचण्याची परवानगी : ती मिळाली की बँकेचा ओटीपी आला तसा भामट्याकडे जातो. दुसरी ‘ॲक्सेसिबिलिटी’, जी खरे तर अंध आणि अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे. ती घेतलेले ॲप पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि स्वतः बटणेही दाबू शकते. म्हणून 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. पडद्यावर येणारा तो अडथळा कसा पार करायचा हे फोन करून कुणी आपुलकीने समजावत असेल, तर तो माणूस चोर आहे असेच धरावे.

फसवणूक झालीच तर पहिल्यांदा फोनचे नेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार द्यावी. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते रोखता येण्याची शक्यता असते.

ॲप काढून टाकल्यावर

चिन्ह दाबून ‘अनइन्स्टॉल’ केले की फोनमधला भाग जातो. सर्व्हरवरचा भाग तिथेच राहतो. ई-पीक पाहणीच्या बाबतीत ते हवेच असते. फोटो पोहोचून नोंद मंजूर झाली की ॲप ठेवले काय, काढले काय, सातबाऱ्यावरच्या पिकाला धक्का लागत नाही. कर्ज देणाऱ्या, खेळांच्या किंवा खरेदीच्या ॲपचे तसे नाही. नाव, नंबर, काहींनी घेतलेली संपर्क यादी त्यांच्याकडे राहते. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्यात ते कायमचे मिटवण्याचीही सोय असली पाहिजे, असा नियम गूगल प्लेने आता केला आहे, आणि भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. तेव्हा नको असलेले ॲप काढण्याआधी त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘खाते हटवा’ हा पर्याय शोधावा, तो वापरावा आणि मगच अनइन्स्टॉल करावे.